वडनेम्मेलीची मडकी

चेन्नईहून महाबलीपुरमला जाणारा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. शिल्पे पाहायला निघालेले प्रवासी मध्ये कुठे थांबत नाहीत. पण चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवर वडनेम्मेली नावाचे गाव लागते, तिथे जरूर उतरावे. १९७६ साली रोम्युलस व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली मगरींची 'क्रोकोडाइल बँक' इथेच आहे. मगरी पाहायला गर्दी असतेच. मला मात्र त्याच आवारातली मडकी पाहायची होती.

ही मडकी इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेची. इरुळा ही तमिळनाडूतली आदिवासी जमात. साप पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एकेकाळी ते सापांची कातडी विकून पोट भरत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे कातड्यांची निर्यातही थांबली आणि शेकडो कुटुंबांची चूल विझायची वेळ आली. तेव्हा १९७८ मध्ये ही संस्था उभी राहिली. आता साप मारायचा नाही. त्याला जिवंत पकडायचा, विष काढून घ्यायचे आणि पुन्हा रानात सोडायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचे विष इथे काढतात. या विषाची भुकटी औषध कंपन्यांकडे जाते. तिथे घोड्यांना ते अगदी थोड्या मात्रेत टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून सर्पदंशावरचे प्रतिविष तयार होते.

पकडलेला साप इथे साधारण तीन आठवडे पाहुणा असतो. तेवढ्या मुदतीत चार वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि सोडून देतात. खूण असलेला साप लगेच पुन्हा हाती लागला, तर ओळखू यावा म्हणून ही तजवीज. हे तीन आठवडे साप राहतो कुठे? साध्या मातीच्या मडक्यात! अर्ध्यापर्यंत वाळू आणि तोंडाला बांधलेले सुती फडके. अशी मडकी सावलीत ओळीने मांडून ठेवलेली.

माझ्याबरोबर पुतण्या होता. तो चेन्नईत नोकरीला आहे, तमिळ बऱ्यापैकी बोलतो. त्याच्या ओळखीच्या एका मुलाने घरी बॉल पायथन पाळला आहे. हा पश्चिम आफ्रिकेतला अजगर. त्याच्या काचपेटीत गरम चटई, तापमान आपोआप राखणारे यंत्र, ओल मोजणारा काटा, असा सगळा थाट. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २६च्या आसपास आणि दमटपणा ६० टक्क्यांच्या जवळपास ठेवावा लागतो. मडकी पाहून पुतण्या म्हणाला, "काका, इथे तर वायरसुद्धा दिसत नाही!"

वायर नाही, पण काम तेच आहे. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करू शकत नाही. बाहेरून मिळेल त्या उबेवर त्याचे पचन, हालचाल, रोगाशी झुंजणे सारे चालते. गारठला तर पोटातले अन्न पचत नाही आणि फार तापला तर थोड्या वेळात मरतो. म्हणून त्याला ऊन आणि सावली यांत जागा बदलता यायला हवी. काचपेटीत हे यंत्राने साधावे लागते, कारण काच उन्हाने झटकन तापते आणि आतली वाफ बाहेर सोडत नाही. मडक्याची जाड भिंत सावकाश तापते, सावकाश निवते. दुपारचा कडाका आत पोचेपर्यंत ऊन उतरलेले असते. वाळू ओली असेल तर भिंतीतून पाणी झिरपून वाळते आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. आपल्या माठातले पाणी याच कारणाने गार होते. वरच्या फडक्यातून हवा खेळती राहते.

ओलीचे गणितही तसेच नाजूक. हवा फार कोरडी झाली की सापाची कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा चिकटून राहतो. फार ओल झाली की पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, बुरशी धरते. शिवाय चौघांची तऱ्हा वेगळी. कोरड्या खडकाळ माळावरच्या फुरशाला ओल सोसत नाही. कात अखंड उतरली, तर जागा सापाला मानवली असे जाणकार समजतात. ही परीक्षा काचपेटीलाही लागू आहे आणि मडक्यालाही.

विष काढण्याचे प्रात्यक्षिक दोन मिनिटांत आटोपते. आकडीने साप उचलायचा, डोके धरायचे आणि पातळ पडदा ताणलेल्या भांड्याच्या काठावर दात टेकवायचे. पिवळसर थेंब खाली उतरतात. दाखवणारा माणूस तमिळमध्ये जे म्हणाला ते पुतण्याने मला सांगितले : साप खंगला की विषही मिळत नाही, म्हणून आधी मडके नीट पाहायचे.

हे ऐकताना मला आपल्याकडचा ऊस आठवला. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक शेतात राबणारी, खेड्यातली. ऊसतोडीला, भातकापणीला आलेल्या बाईच्या पायाला घोणस डसते तेव्हा दवाखान्यातल्या ज्या कुपीवर तिचा जीव अवलंबून असतो, तिची सुरुवात अशाच एखाद्या मडक्यात झालेली असू शकते. मडके आपल्या सीमाभागाला नवे नाही. खानापूरची मडकी आपण वापरतोच. शिराळ्यालाही नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मडक्यातच ठेवत. न्यायालयाच्या आदेशाने तिथली जिवंत नागांची मिरवणूक थांबली. वडनेम्मेलीत मडक्यातला नाग तीन आठवड्यांनी रानात परत जातो आणि मागे औषध ठेवून जातो. वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळा सर्पमित्रांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती या पिढीजात जाणकारीची कदर होय.

एक सूचना. हे वाचून कोणी घरी मडके भरू नये! आपल्याकडचे रानातले साप पाळणे कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीही २०२४ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंद करावी लागते. आणि साप चावलाच, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष असलेला दवाखाना गाठावा.

जायचे असल्यास : बेळगावहून रेल्वेने किंवा बसने चेन्नई. तिथून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या बसने वडनेम्मेलीला क्रोकोडाइल बँकेशी उतरता येते. विष काढण्याचे प्रात्यक्षिक कोणत्या दिवशी व किती वाजता आहे याची आधी चौकशी करावी. उन्हाळा टाळावा. सोबत पाणी, टोपी आणि शाळकरी मुले असावीत.