कुंभार्ली घाटातला डिपर

पुण्याहून चिपळूणला जायचे आमचे दोन रस्ते. एक ताम्हिणीने माणगावला उतरून महाड, खेड करत. दुसरा उंब्रजपर्यंत हायवे आणि पुढे मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाटाने. मला दुसरा आवडतो. उत्तरेकडून दक्षिणेला वाहत आलेली कोयना हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडकडे निघते. पाटणच्या पुढे रस्ता तिच्याच सोबतीने जातो. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि डोंगरावर ढग टेकलेले. अम्मीचं माहेर चिपळूणचं, त्यामुळे लहानपणी एस.टी.तूनही याच घाटाने आम्ही कितीदा उतरलो असू.

गेल्या जुलैत मात्र फोन आला तो दुपारी, जोहरनंतर. अम्मीची धाकटी बहीण, आमची खाला, अल्लाहला प्यारी झाली होती. जनाजा इशानंतर. अम्मीने इन्ना लिल्लाहि पढलं, बुरखा घातला आणि दारात जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासात आम्ही निघालो. गाडी थोरला मुलगा चालवत होता.

साताऱ्यापासून पाऊस लागला आणि वेळ जात राहिला. पाटण मागे पडलं तेव्हा अंधारून आलं होतं. मुलाने लाईट लावली. पार्किंग लागले, मीटरमागचा दिवा लागला, पण पुढे काळोख. दांडी पुढे ढकलून अप्पर केलं तर लख्ख उजेड, डिपरवर आणलं की पुन्हा काळोख. तसेच अप्परवर हळूहळू कोयनानगरपर्यंत आलो. समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारून आम्हाला शिव्या घालत असणार, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

हेळवाकला मी गाडी बाजूला घ्यायला लावली. मुलगा म्हणाला, “अब्बा, अप्परवरच उतरू या ना. समोरून कोणी आलं तर तेवढ्यापुरतं पार्किंगवर करतो. तासाभरात पोहोचू.”

त्याचं म्हणणं मनाला पटत होतं, कारण अम्मी मागे गप्प बसली होती. पण दोन गोष्टी मला गप्प बसू देईनात. घाटात धुकं होतं, आणि धुक्यात अप्पर लावलं की उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांवर येतो, पुढे नुसती पांढरी भिंत दिसते. दुसरी गोष्ट वासाची. स्टिअरिंगपाशी प्लॅस्टिक जळल्यासारखा वास येत होता. एखाद्या वळणावर अप्परही गेलं असतं तर?

चिपळूणहून मामेभावाचा फोन आला, “आम्ही थांबतो, तुम्ही सावकाश या.” अम्मीने फोन मागून घेतला. “माझ्यासाठी मय्यत अडकवू नका,” ती म्हणाली. “ती काही आता माझी वाट बघत नाही. वेळेवर माती द्या.” मग मुलाला म्हणाली, “बाळा, लाईट कर नीट. मी बसते.”

विचारत विचारत एक वायरमन सापडला. जेवत होता, हात धुऊन आला. त्याने फ्यूजला हातच लावला नाही. आमच्या गाडीत डाव्या-उजव्या दिव्याचा फ्यूज वेगळा आहे, आणि दोन्ही डिपर एकदम गेले होते. दोन्ही बल्ब एकदम जाणंही क्वचितच. शिवाय एकाच बल्बमधली अप्परची तार पेटत होती, म्हणजे अर्थिंग ठीक. उरला दांडीचा स्विच. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं तर डिपरचा कॉन्टॅक्ट जळून काळा झालेला आणि कपलर वितळलेला.

“बल्ब कितीचे टाकलेत?” त्याने विचारलं. मुलगा खाली बघायला लागला. कंपनीचे ६०/५५ वॅटचे काढून त्याने १००/९० चे टाकले होते, जास्त उजेडाच्या हौसेने. डिपरचे दोन बल्ब ५५ चे असले तर १२ व्होल्टवर नऊ-साडेनऊ अँपिअर करंट जातो, ९० चे असले तर पंधरा. आमच्या गाडीत तो सगळा भार त्या चिमुकल्या स्विचमधूनच जायचा, मध्ये रिले नव्हता.

त्याने डिपरची वायर स्विचपासून तोडली, बॅटरीवरून फ्यूज टाकून नवी जाड वायर आणली आणि मध्ये रिले बसवला. रिलेला इशारा दिला पार्किंगच्या वायरचा. पार्किंग लावले की डिपर लागणार. बल्बही ६०/५५ चे घातले. “आता अप्पर अजिबात लावू नका,” त्याने बजावलं, “दोन्ही तारा एकदम पेटल्या तर बल्ब उडेल.” तोवर आम्ही त्याच्या पडवीत मगरिब आणि इशा एकत्र पढून घेतल्या. आम्ही कोकणी शाफई, प्रवासात जमा करता येतं. अम्मी खुर्चीवर बसून पढली. पैसे त्याने नेहमीचेच घेतले, कुठे चाललोय हे कळल्यावरही. मला ते बरं वाटलं.

घाट विशीच्या वेगाने उतरलो. डिपरच्या उजेडात रस्त्याकडेचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता, आणि तेवढा पुरला. याच डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून धरणाचं पाणी पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडतं. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, आणि आम्ही त्याच्या डोक्यावरून दोन बल्बांच्या भरवशावर चाललो होतो. पोफळीचे दिवे दिसले तेव्हा अम्मीने तसबीह थांबवून विचारलं, “शिरगाव आलं का?”

घरी पोहोचलो तेव्हा पुरुष कब्रस्तानातून परत आले होते. अम्मीला बायकांनी आत नेलं. बहिणीचा चेहरा तिला दिसला नाही. त्याबद्दल ती त्या रात्री काही बोलली नाही, नंतरही नाही. मी आणि मुलगा तसेच कब्रस्तानात गेलो. फाटकातून गाडीचा उजेड आत पडेल अशी गाडी लावली आणि ओल्या मातीपाशी उभं राहून, मामेभावाच्या मागे, चुकलेली जनाज्याची नमाज पढलो.

दुसऱ्या दिवशी चिपळुणात तो स्विच मिळाला नाही. कराडहून मागवला, तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर जियारतही झाली. अम्मी म्हणाली, स्विच आलाय म्हणून निघायलाच पाहिजे असं नाही. आणखी दोन दिवस राहिलो.