दोन झाडांमधलं अंतर

आमच्या शेंदूरजनाघाटात संत्र्याची नवी बाग लावायची म्हटली, की पहिली गोष्ट निघते ती अंतराची. अब्बांची छोटी नर्सरी होती. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं घ्यायला लांबून शेतकरी यायचे. अब्बा त्यांना सांगायचे, दोन झाडांत सहा मीटर ठेवा. त्या हिशोबाने एकरात एकशे दहाच्या आसपास झाडं बसतात. कोणी ना कोणी म्हणायचंच, "चाचा, पाच-पाच मीटरवर लावलं तं अजून पन्नास झाडं बसतीन ना!" अब्बा म्हणायचे, "बसतील. पण दहा वर्षांनी आतल्या फांद्यांना ऊन लागणार नाही. मग सल काढत बसाल."

हे मला गोवंडीला बाजीच्या घरी गेल्यावर आठवलं.

बाजीचं लग्न मुंबईत झालं. बरीच वर्षं ती रुळांशेजारच्या झोपडीत राहिली. गाडी गेली की भांडी वाजायची, आणि झोपडी तुटण्याची भीती कायमची. मग त्यांना पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत पक्कं घर मिळालं. २२५ चौरस फूट, पण संडास घरात, नळ घरात, दाराला स्वतःचं कुलूप. ती बातमी आली त्या दिवशी अब्बांनी मोहल्ल्यात संत्री वाटली होती.

मी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट लागलेली होती. घर दुसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीतली बाई कांदा चिरताना दिसली, इतक्या जवळ की सलाम करून चाकू मागून घ्यावा. आकाश बघायला मान बाहेर काढावी लागायची. खाली दोन इमारतींमधल्या बोळात वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा साचलेला, त्यावर उंदीर. म्हणून खिडकी बंद.

त्याच्या पुढच्या वर्षी भाचीला टीबी झाला. एकोणीस वर्षांची पोरगी. सहा महिने औषधं घेतली, एकही दिवस चुकवला नाही. अल्लाहच्या कृपेने ती आता ठणठणीत आहे. डॉक्टरांनी बाजीला सांगितलं होतं, "खिडक्या उघड्या ठेवा, घरात हवा खेळू द्या." बाजी फोनवर हसली होती. ते हसू मला अजून आठवतं.

मला वाटलं, आपलंच नशीब. पण तसं नव्हतं. २०१८ साली 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांची एक पाहणी गाजली. गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींमधली चार हजारांहून जास्त कुटुंबं त्यांनी पाहिली. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथे जवळपास दर दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण. पीएमजी कॉलनीत शंभरात एक. तिन्ही ठिकाणची माणसं गरीबच. फरक मुख्यतः बांधणीचा. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेचे नियम सैल केले होते. टीबीचा जंतू हवेतून पसरतो. कोंडलेल्या खोलीत तो तरंगत राहतो, आणि ऊन तर त्याचा दुश्मन.

तीन मीटर! आम्ही संत्र्याच्या झाडाला त्याच्या दुप्पट जागा देतो, आणि ते झाड वाढून दोन मजल्यांइतकंही होत नाही.

उंच इमारतींवर वर्तमानपत्रांत टीका होते ती बहुतेक दिसण्यावरून. काचा फार, शहराचा चेहरा बिघडला वगैरे. ती वाचून मला कंटाळा येतो. वास्तुरचनाकारांनी उजेड-हवेवर, दाटीवर बोट ठेवलं, ते मात्र खरं दुखणं. उलट बाजूचं म्हणणंही खोटं नाही. मुंबईत जागा कुठे आहे? मोकळं सोडत बसलं तर तेवढी कुटुंबं रस्त्यावर राहतील. खुद्द बाजीच माझ्यावर उखडली. "तू बागेत राहतेस म्हणून बोलतेस. इथे रात्री कोणी झोपडी तोडायला येत नाही. हे घर मी सोडणार नाही."

मी गप्प बसले. पण तिला घर सोड असं मी म्हटलंच नव्हतं. माझं भांडण मजल्यांशी नाही. सात काय, वीस बांधा, पण मधे ऊन उतरेल एवढी जागा सोडा. घर फुकट दिलं म्हणजे त्यातला उजेड कापून घ्यायचा हक्क मिळाला, असं होत नाही.

आता भाचीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे धारावीचे. तिथल्या पुनर्विकासात पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचं घर मिळणार, म्हणून ती मंडळी खूश आहेत. परवा फोनवर मी होणाऱ्या जावयाला विचारलं, "बेटा, समोरची इमारत किती लांब असेल?" तो अडखळला. "खालाजान, चौरस फूट सगळ्यांनी विचारले. हे कोणी विचारलंच नाही."

मागून बाजीचा आवाज आला, "पुढच्या मीटिंगला विचार. आणि मजला कितवा, तेही."