वैमानिकाची मुलाखत आणि चौथे शील

वैमानिक होण्याविषयी गावाकडची माणसे विचारतात ती बहुधा उड्डाणाविषयी. ढगांच्या वर कसे वाटते, भीती वाटते का, रात्री रस्ता कसा दिसतो. मुलाखतीविषयी कोणी विचारत नाही. वस्तुतः परवाना हाती आल्यानंतर विमान कंपनीच्या दारातून आत जाण्यासाठी जी मुलाखत द्यावी लागते, तेथेच अनेकांची वाट अडते. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा तिच्याविषयीच लिहावे असे ठरविले. कारण त्या तयारीत मला जे खरोखर उपयोगी पडले, त्यातील मोठा भाग याच शाळेच्या वसतिगृहात माझ्या पदरी पडला होता.

प्रथम वाटेची ओळख करून देतो. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख या नात्याने, आणि त्यात किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५० किलोमीटरचा, दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरत केलेला एक प्रवास. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या डीजीसीएच्या परीक्षांत शंभरापैकी ७० गुण मिळवावे लागतात. शिवाय रेडिओ संभाषणाची परीक्षा असते आणि प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी असते. एवढे सारे पार पडले म्हणजे नोकरी मिळाली असे मात्र नाही. कंपनीगणिक पद्धत थोडी वेगळी असली, तरी लेखी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, गटचर्चा, सिम्युलेटरमधील परीक्षा आणि अखेर मुलाखत असा क्रम साधारणपणे असतो.

लेखी परीक्षांची भीती मला नव्हती. दोन वर्षे लातूरला काढलेल्या विद्यार्थ्याला पाठांतर, सराव प्रश्नपत्रिका आणि पहाटेचा अभ्यास यांचे अप्रूप राहत नाही. लातूर पॅटर्नची ती देणगी मी आजही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु मुलाखतीला उत्तरसूची नसते. समोर बसलेले ज्येष्ठ कॅप्टन तुम्हांला व्याख्या विचारतात आणि तुम्ही ती म्हणून दाखविली की दुसऱ्याच क्षणी विचारतात, "म्हणजे नेमके काय होते?" पाठांतर येथे संपते आणि समज सुरू व्हावी लागते.

'डेन्सिटी अल्टिट्यूड' या संज्ञेचेच उदाहरण घेऊ. व्याख्या मला तोंडपाठ होती. तिचा अर्थ उमगला तो लातूरच्या उन्हाळ्यात. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंच आहे. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने त्या उंचीवर तापमान ११ अंश सेल्सिअस असावयास हवे. मे महिन्यात दुपारी पारा ४१ अंशांवर असतो, म्हणजे प्रमाणापेक्षा ३० अंश अधिक. दर अंशामागे सुमारे १२० फूट धरले तर ३६०० फुटांची भर पडते. तात्पर्य, त्या दुपारी लातूरच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला आपण ५६०० फुटांवर, कळसूबाईच्या माथ्याहूनही किंचित वर, उभे आहोत असे वाटते. हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, पंखांना मिळणारा आधार कमी. म्हणून धावपट्टी अधिक लागते. हे एकदा समजले की व्याख्या विसरली तरी चालते. पुढे प्रत्येक संज्ञेला मी नांदेड-लातूरच्या मातीतील उदाहरण शोधू लागलो आणि तयारी ओझ्यासारखी वाटेनाशी झाली.

मुलाखतीतील दुसरी कसोटी लॉगबुकाची. वैमानिकाच्या आयुष्यातील प्रत्येक उड्डाणाची नोंद त्या वहीत असते. समिती ती चाळते आणि मधल्याच एखाद्या पानावर बोट ठेवून विचारते, "त्या दिवशी वारा कोठून होता? कोठे उतरलात? परत किती वाजता निघालात?" ज्याने ते उड्डाण केले आहे त्याला फारसे आठवावे लागत नाही. आमच्या व्यवसायात 'पार्कर पेनचे तास' असा एक शब्दप्रयोग आहे; विमानाने न उडता लेखणीने उडविलेले तास. या विनोदामागे भीषण वास्तव आहे. २०११ साली आपल्या देशात बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविलेले काही वैमानिक उघडकीस आले होते आणि नियमित प्रवासी विमाने चालविणारेही त्यांत होते. खोट्या नोंदीचा हिशेब अशा वेळी पाठीमागे बसलेल्या दीडशे-दोनशे माणसांना चुकवावा लागतो. वसतिगृहात रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाचा, मुसावादापासून अलिप्त राहण्याचा, असा अर्थ कधी ध्यानी आला नव्हता.

लॉगबुक खरे ठेवणे त्या मानाने सोपे असते. अवघड जाते ते स्वतःविषयी खरे सांगणे.

परवाना मिळाल्यानंतर मला सुमारे दोन वर्षे नोकरी नव्हती. हे माझ्या एकट्याचे दुःख नाही. विमान कंपन्यांची भरती लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या काळात मी लातूरच्या एका खाजगी शिकवणीत गणित व भौतिकशास्त्र शिकवीत होतो. माझे वडील आडत बाजारात हमाल. शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज आणि मामांनी तारण ठेवलेली जमीन यांवर भागलेला. मोठ्या शहरातील एका मुलाखत-मार्गदर्शन वर्गात माझा परिचयपत्राचा मसुदा वाचून मला सल्ला देण्यात आला : वडिलांचा 'शेतमालाचा व्यापार' आहे असे लिहा, दोन वर्षे 'कौटुंबिक व्यवसायात' होतो असे सांगा, आणि शाळेच्या नावातील 'निवासी' व 'बौद्ध' हे शब्द गाळा, उगाच प्रश्न निघतात. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने अनेक मुले पार पोहोचविली होती. परंतु त्या मसुद्यातून वडील, शाळा आणि दोन वर्षांचे कष्ट वजा केल्यावर जो उमेदवार उरत होता, त्याला मी ओळखत नव्हतो.

तो मसुदा घेऊन मी शाळेत आलो. सुट्टीचे दिवस होते. मुख्याध्यापक, विज्ञानाचे सर आणि विहारातील भन्तेजी अशा तिघांनी सलग चार दिवस सायंकाळी माझी सराव-मुलाखत घेतली. तिघांपैकी एकानेही विमान चालविलेले नव्हते. पण प्रश्न विचारण्यात ते कोणत्याही समितीला हार जाणारे नव्हते. मुख्याध्यापक सरांनी पहिल्याच दिवशी बाबासाहेबांच्या साउथबरो समितीपुढील साक्षीची आठवण दिली. १९१९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात, मताधिकाराच्या प्रश्नावर त्यांनी लेखी निवेदन आकडेवारीसह सादर केले आणि समितीपुढे प्रत्यक्ष साक्ष दिली. "आपण कोण, कोणाच्या वतीने बोलतो, हे त्यांनी लपविले असते तर त्या साक्षीला काय अर्थ उरला असता?" एवढेच सर बोलले. मसुद्याचा निकाल तेथेच लागला.

विज्ञानाच्या सरांनी तर वडिलांच्या कामातूनच प्रश्न काढला. "ट्रकमध्ये सगळी पोती मागेच रचली तर काय होईल, हे तुझ्या वडिलांना ठाऊक आहे. मग विमानात सामान मागे अधिक भरले तर काय होईल, ते तू सांग." गुरुत्वमध्य मागे सरकला की नाक वर उचलू पाहते, विमान अस्थिर होते, म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी भाराचा आणि समतोलाचा तक्ता तपासतात, असे उत्तर मी दिले. त्या दिवसापासून 'हमाल' हा शब्द इंग्रजीत सांगताना माझी जीभ अडखळली नाही.

शेवटच्या सायंकाळी भन्तेजींनी माझ्याच पुस्तकातील एक प्रश्न निवडला. हा प्रश्न वैमानिकांच्या मुलाखतीत हटकून विचारला जातो : "तुम्ही सहवैमानिक आहात. कॅप्टन तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी ज्येष्ठ. उतरताना विमान ठरलेल्या मार्गावर नाही आणि कॅप्टन ऐकत नाहीत. तुम्ही काय कराल?"

या प्रश्नामागे रक्ताने लिहिलेला इतिहास आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दुसरे विमान अद्याप धावपट्टीवरच असावे अशी शंका एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखविली होती. अनुभवी कॅप्टनने ती बाजूस सारली आणि तो पुढे काही बोलला नाही. आपल्याकडे २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे १५८ जीव गेले. त्या विमानातील सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याविषयी कॅप्टनला एकाहून अधिक वेळा सांगितले होते. अशा अपघातांतून जगभर चालकदलाच्या समन्वयाचे शिक्षण अनिवार्य झाले. कनिष्ठाने बोलणे आणि ज्येष्ठाने ऐकणे, हा आज विमानचालनाच्या कौशल्याचाच भाग मानला जातो.

मी पुस्तकी उत्तर दिले : प्रथम विचलन स्पष्ट शब्दांत सांगेन, प्रतिसाद न मिळाल्यास पुन्हा सांगेन, मग 'गो अराउंड' म्हणेन, तरीही धोका टळत नसेल तर नियंत्रण हाती घेईन. भन्तेजी म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, पण ते तू खाली मान घालून दिलेस. ज्येष्ठांपुढे बोलणे तुला अजून उद्धटपणा वाटतो." मग त्यांनी पवारणेची आठवण करून दिली. वर्षावास संपतो त्या अश्विन पौर्णिमेला प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करतो की, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हांला शंका असेल, तर करुणेने मला सांगा. ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून सुरू होते. "दोष दाखविणे हा जेथे ज्येष्ठाचा मान राखण्याचाच प्रकार आहे, त्या परंपरेतला तू मुलगा," ते म्हणाले. केवळ गुरू सांगतात म्हणून स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश आम्ही परिपाठात कितीदा ऐकला होता. तो कॉकपिटमध्ये लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

प्रत्यक्ष मुलाखत चाळीस मिनिटे चालली. वडील हमाल आहेत हे मी एका वाक्यात सांगितले. समितीने ते ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न आडव्या वाऱ्याचा विचारला. दोन वर्षांच्या खंडाविषयी विचारले, तेव्हा शिकवणीचे सांगितले. त्यावर फळ्यावर एक गणित समजावून द्यावयास लावले. सहवैमानिकाचा प्रश्न आलाच. या वेळी मान वर होती. महिन्याभराने निवडीचे पत्र आले.

खरे बोललो म्हणून निवड झाली, असे मी म्हणणार नाही; खरे बोलूनही अनेकांना नकार येतो. मात्र जे सांगितले ते सांभाळत बसावे लागले नाही, त्यामुळे सारे लक्ष प्रश्नावर राहिले. मुलाखतीच्या खोलीत ही सवलत फार मोठी असते.

ज्या पालकांच्या मुलामुलींना ही वाट खुणावते, त्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी; दृष्टी व रंगज्ञान यांतील दोष नंतर कळला तर कर्ज तेवढे उरते. बारावीला गणित व भौतिकशास्त्र सोडू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्ती योजनांत वैमानिक प्रशिक्षणाचाही समावेश आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात वेळेवर करावी. परवान्यानंतर प्रतीक्षेचा काळ येऊ शकतो, त्याची आर्थिक तयारी आधीच ठेवावी. आणि पाचवे शील आमच्या व्यवसायात कायदाच आहे : उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य असते आणि श्वासाची तपासणी होते.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. आपल्या शाळेचे नाव परिचयपत्रात पूर्ण लिहा. त्यावर प्रश्न आला तर तो तुमच्या तयारीतला सर्वांत सोपा प्रश्न असेल.

नमो बुद्धाय, जय भीम.