रडणारी बाई

भुताखेतांवर माझा विश्वास नाही; भुतांच्या गोष्टींवर मात्र आहे. मेक्सिको देशातील ‘ला योरोना’ची, म्हणजे रडणाऱ्या बाईची, कथाच पाहावी. शुभ्र वस्त्र ल्यालेली एक स्त्री रात्री पाण्याच्या काठाने विलाप करीत हिंडते. प्रियकराने टाकल्यावर संतापाच्या भरात तिने आपली मुले नदीत बुडविली व आता ती त्यांना शोधीत फिरते, असे सांगतात. काळोखात पोरांनी पाण्याकडे जाऊ नये, म्हणून आया तिचाच धाक घालतात.

परंतु असा विलाप त्या भूमीत फार जुना आहे. बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात नाहुआ लोकांकडून त्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. स्पॅनिश सैन्य येण्यापूर्वी झालेल्या अपशकुनांत, रात्री मुलांसाठी आक्रोश करणारी एक स्त्री तेथेही आहे. १५२० मध्ये देवीची साथ आली. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान नगर पडले. ह्या आठवणी त्यानंतरच्या आहेत. ज्यांची मुले खरोखरच गेली होती, त्यांनी त्या सांगितल्या. तेव्हा तो अपशकुन की शोक, हे कोणी ठरवावे?

माझ्या आईचे पहिले मूल तान्हेपणीच गेले. घरात त्याचे नाव कोणी काढीत नसे; तिच्या रडण्याला कोठे जागाच नव्हती. ती रडणाऱ्या बाईची गोष्ट ऐकती, तर भ्याली नसती. तिला ओसरीवर बसवून तिने पाणी दिले असते.