पिंपरीचे औषध आणि सहा महिन्यांची वाट

पुण्याहून मेट्रोने निघून संत तुकारामनगर स्थानकावर उतरावे आणि पूर्वेकडे वळावे. थोड्याच अंतरावर महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय लागते. सुमारे ७५० खाटांच्या या रुग्णालयाला सारे शहर ‘वायसीएम’ म्हणूनच ओळखते. तेथून नेहरूनगरकडे जाताना हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा झाडीने भरलेला परिसर येतो. जवळच विठ्ठलनगरसारखी दाट वस्ती आणि पुढे भोसरीची औद्योगिक वसाहत. औषधाचा कारखाना, मोठे रुग्णालय आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत संसार मांडलेली माणसे या पट्ट्यात शेजारी-शेजारी नांदतात. व्यापारानिमित्त आपल्यापैकी अनेकांची येथून रोज ये-जा असते. परंतु या तिघांमधले अंतर मोजावे, असे क्वचितच कोणाच्या मनात येते.

‘एचए’ या नावाने परिचित असलेला हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. सार्वजनिक क्षेत्रातील देशाची ही पहिली औषधनिर्मिती कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये येथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही येथे तयार होऊ लागले. क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक औषध ते हेच. त्याचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत लागला होता. ज्या रोगाचे नाव उच्चारताच घराघरांत आवाज खाली येत असे, त्यावरचे औषध पिंपरीच्या माळरानावर बनू लागले, ही या गावाची खरी पुण्याई म्हटली पाहिजे.

औषध आले, तरी खोकला गेला नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही भारतात आहे. याचे कारण औषधाच्या बाटलीत शोधून सापडत नाही. ते राहण्याच्या खोलीत, जेवणाच्या ताटात आणि कामाच्या वेळापत्रकात आहे. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे आली. एका खोलीत पाच-सहा जण, एक जण रात्रपाळीहून परतला की त्याच अंथरुणावर दुसरा उठून कामाला निघतो. खिडकी असली तरी ती शेजारच्या भिंतीकडे उघडते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. जेथे हवा खेळत नाही, तेथे ते रेंगाळतात.

अशा वस्तीत पहिली भेट मोठ्या रुग्णालयाशी होत नाही. ती होते नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राशी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे आणि वस्तीतील दोनशे ते पाचशे कुटुंबांमागे एक आशा कार्यकर्ती. वास्तू साधीच असते. केसपेपरची खिडकी, वजनकाटा, लसीकरणाचा ठरलेला वार, गरोदर स्त्रियांचा बाक, रक्तदाब आणि साखर तपासणारी परिचारिका. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला असेल, तर थुंकीचा नमुना येथूनच तपासणीस जातो. भव्य असे काही नाही. म्हणूनच आत शिरताना गरीब माणूस बिचकत नाही.

पालिकेच्या आरोग्यसेवेतली काही नावे तर आपल्या वाचकांना घरची वाटावीत. चिंचवडगावातले तालेरा रुग्णालय, थेरगावचे खिंवसरा पाटील रुग्णालय. ओसवाल समाजातील ही आडनावे रोज शेकडो केसपेपरांवर लिहिली जातात आणि लिहून घेणाऱ्याला त्यांचा अर्थ एकच ठाऊक असतो : येथे आपल्याला तपासतील.

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे दोन्ही विनामूल्य. एका गोळीने लघवीला नारिंगी-लाल रंग येतो; हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण घाबरून गोळ्या सोडतो. आशा कार्यकर्ती दारात उभी राहून हे समजावते, तेव्हा ती एक प्रकारे उपचारच करीत असते. खरी कसोटी दोन महिन्यांनंतर लागते. ताप उतरतो, भूक परत येते, खोकला थांबतो. मग केंद्रात जाण्यासाठी कामाचा खाडा का करावा, असे वाटू लागते. कंत्राटी कामगाराच्या एका खाड्याचा अर्थ एका दिवसाची मजुरी. दोन-तीन खाड्यांचा अर्थ दुसराच माणूस कामावर. औषध मध्येच सुटले की जंतू त्या औषधाला जुमानेनासे होण्याचा धोका वाढतो, आणि मग उपचार अधिक लांब व अधिक कठीण होतो. आपल्याबरोबर तो खोलीतल्या इतरांनाही त्याच संकटात ओढतो.

एकेकाळी अशा रुग्णाला गावाबाहेरच्या आरोग्यधामात पाठविणे हाच मार्ग मानला जाई. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील अभ्यासाने ही समजूत बदलली. दाटीच्या घरात राहून नियमित औषध घेणारे गरीब रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना अधिक धोका पोहोचला नाही. औषध नियमित सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याची शक्यता लवकरच पुष्कळ कमी होते. म्हणजे रुग्णाला वस्तीतून हलविण्याची गरज नाही. उपचार वस्तीत टिकविण्याची गरज आहे. छोट्या आरोग्य केंद्राचे मोल यात आहे.

यात ताटातल्या अन्नाचा वाटाही मोठा. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांना औषधाबरोबर दरमहा सुमारे १० किलोचा शिधा दिला गेला आणि काही कुटुंबांत घरच्या इतर माणसांनाही धान्य-डाळ दिली गेली. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी आढळले. तांदूळ आणि डाळ यांनी रोग अडविला, याहून किराणा व्यापाऱ्याच्या कानाला सुखद वार्ता कोणती असेल? सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले. सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ या योजनेत व्यक्ती, पेढी किंवा संस्था रुग्णाच्या संमतीने त्याच्या उपचारकाळातील पोषणाचा भार उचलू शकते.

नाशिक रस्त्याने चाकणकडे गेले की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. कांद्याच्या बाजाराचे हे गाव आता मोटारींच्या कारखान्यांचे झाले आहे. चाकणला २०१५ मध्ये नगरपरिषद झाली. पण कामगार राहतात ती खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे ही गावे ग्रामपंचायतींची. तेथे आरोग्यव्यवस्थेचा हिशेब ग्रामीण : ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. गावाची नोंद खेड्याची, वस्तीची दाटी शहराची. बाहेरून आलेला माणूस मोजणीत नीट बसत नाही आणि जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी केंद्रही उभे राहत नाही.

आपल्या परंपरेत आहारदान आणि औषधदान शेजारी-शेजारी सांगितले आहे. क्षयरोगाच्या बाबतीत औषध सरकार देते. जे उरते ते तीन गोष्टींत मावते : वेळ, शिधा आणि झरोका. आणि या तिन्ही गोष्टी व्यापाऱ्याच्या हातातल्या आहेत. दुकानातला माणूस, गोदामातला हमाल, टेम्पोचा चालक महिन्यातून ठरलेल्या दिवशी दोन तास आरोग्य केंद्रात गेला, तर त्याची हजेरी कापू नये. त्याचा खोकला ऐकून कामावरून काढू नये; तसे केले की तोच माणूस आजार लपवून दुसऱ्याच्या दुकानात उभा राहतो. एका रुग्णाच्या घरी सहा महिने शिधा पाठविणे मोठ्या उत्सवाच्या एका जेवणावळीहून स्वस्त पडते. आणि ज्यांनी भाड्यासाठी खोल्या बांधल्या आहेत, त्यांनी पुढच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात. खर्च गवंड्याच्या एका दिवसाचा. हवा मात्र त्या खोलीत राहून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मिळेल.

आरोग्य केंद्राची वेळ बहुधा दुकान उघडण्याचीच असते. तेव्हा एखाद्या सकाळी कामावरचा माणूस केसपेपर हातात घेऊन उशिरा येण्याची परवानगी मागू लागला, तर त्याला आधी जाऊ द्यावे. दुकानाचे कुलूप त्या दिवशी आपण स्वतः उघडावे.