कानशीतून चाकू

गच्चीवरच्या बागेला एक छोटा चाकू लागतोच. सुतळी कापायची असते, खताची गोणी उसवायची असते, तोंडलीच्या वेलाला काचणारी गाठ तोडायची असते. स्वयंपाकघरातली सुरी त्या कामाला नाजूक पडते आणि कोयता फार मोठा होतो. म्हणून असा चाकू आपणच घडवायचा असं मी ठरवलं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी बाल्कनीतल्या व्हाइसपाशी मी रमते. या छंदात एक गोष्ट मला पक्की कळली: हत्याराचं प्रत्येक माप कामातून येतं.

आधी पुठ्ठा कापला. तो मुठीत धरून, गोणीच्या शिवणीवर ठेवून, पुन्हा कापून आकार नक्की केला. पातं 7 सेंटिमीटर, एकूण लांबी 17, जाडी 3 मिलिमीटर. टोक जरा खाली उतरतं, म्हणजे ते शिवणीखाली सहज सरकतं. आणि पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड, म्हणजे जोर लावला तरी सांध्यात मोडायची भीती नाही.

पोलाद म्हणून जुनी कानस घेतली. पुण्याच्या जुन्या बाजारात झिजलेल्या कानशी सहज मिळतात. चांगल्या कानशीत एक टक्क्याहून थोडा जास्त कर्ब असतो, आणि पात्याला कठीणपणा येतो तो या कर्बामुळेच. खिडकीच्या गजांच्या साध्या लोखंडात तो इतका कमी असतो की कितीही तापवून बुडवलं तरी ते नरमच राहतं. काही स्वस्त कानशींचा नुसता वरचा थर कठीण असतो, आत साधं लोखंड. म्हणून ग्राइंडरवर कड टेकवून ठिणग्या बघायच्या. कर्ब भरपूर असेल तर ठिणगी निघाल्याबरोबर फुटते, तिला फांद्या फुटतात. साध्या लोखंडाची ठिणगी लांब, सरळ रेघ ओढत जाते.

कानस मुळात इतकी कठीण असते की तिच्यावर दुसरी कानस चालत नाही. म्हणून आधी तिला नरम करावं लागतं. निखाऱ्यांत लाल होईपर्यंत तापवायची आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर सोडून द्यायची. सावकाश निवली की हॅक्सॉने कापता येते. मग आकार काढायचा आणि कानशीचे दाते मुळापासून घासून टाकायचे. दात्यांची एखादी खाच राहिली, तर पुढे पातं एकदम थंड होताना नेमका तिथूनच तडा जाऊ शकतो.

धारेच्या कडेवर मधोमध रेघ आखून दोन्ही बाजूंनी उतार घासणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. कानस आडवी धरून, दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत, सपाट. यंत्रावर हे लवकर होतं, पण हाताने घासताना पातं किती उतरलं ते तळव्याला कळतं. धार मात्र आत्ता काढायची नाही. कड अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड ठेवायची, कारण पातळ कड आगीत वाकते आणि तिच्यातला कर्बही जळतो. मुठीच्या रिव्हेटसाठी भोकंही याच वेळी पाडून घ्यायची. कठीण झालेल्या पोलादात साधं ड्रिल शिरत नाही.

पाणी द्यायचं, म्हणजे पातं तापवून एकदम थंड करून कठीण करायचं काम मी सासवडजवळच्या एका लोहारकाकांच्या भट्टीवर शिकले. मी दुपारीच पोचले होते. काका म्हणाले, “ताई, थोडं थांबा. उन्हात रंग खोटं बोलतो. ऊन उतरलं की तापवू.” संध्याकाळी छपराखालच्या अंधारात त्या रंगाच्या छटा वेगळ्या दिसू लागल्या: आधी काळपट तांबडा, मग डाळिंबी, मग केशरीकडे झुकणारा. माझ्याकडे काठीला बांधलेलं लोहचुंबक होतं. 770 अंश सेल्सियसच्या आसपास लोखंड चुंबकाला दाद देईनासं होतं, आणि कानशीच्या पोलादाला त्याहून जरासंच जास्त तापवावं लागतं. काका नुसत्या नजरेने “आता” म्हणाले. त्याच क्षणी मी चुंबक लावलं, तर ते पात्याला चिकटेना.

पातं लगेच कोमट शेंगदाणा तेलात बुडवलं. तेल कोमट का, तर ते पातळ होऊन पात्याभोवती लवकर फिरतं आणि उष्णता पटकन ओढून घेतं. पातं टोकाकडून सरळ खाली न्यायचं, बाजूला हलवायचं नाही, नाहीतर ते वाकतं. तेल भडकू शकतं म्हणून डबा लोखंडी हवा, झाकण हाताशी हवं आणि शेजारी वाळूची बादली हवी. पेटत्या तेलावर पाणी कधीच टाकायचं नाही. भट्टीतल्या उष्णतेत कर्ब लोखंडात विरघळलेला असतो. एकदम थंड केल्यावर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो लोखंडाच्या अणूंच्या रचनेत अडकतो आणि पोलाद कठीण होतं. निवल्यावर पात्यावर कानस ओढून पाहिली. ती चावा न घेता नुसतीच घसरली, तेव्हा काका हसले.

पण या अवस्थेतलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. त्याला थोडं मवाळ करावं लागतं. घरी आणून ते घासून चकचकीत केलं आणि ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेवलं, निवू दिलं आणि पुन्हा तसंच केलं. पृष्ठभागावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग आला. तापमान वाढत गेलं तर हाच रंग तपकिरी, जांभळा आणि निळा होत जातो आणि पातं जास्त नरम होतं. माझ्या चाकूला सुतळी कापायची होती, दगडावर आपटायचं नव्हतं, म्हणून मी पिवळ्यावरच थांबले.

मुठीला बाभूळ घेतली. नांगर आणि औतं ज्या लाकडाची होत आली, ते ओल्या हातातही भरवशाचं असणार. दोन फळ्यांची पुढची टोकं चिकटवण्याआधीच गुळगुळीत केली, कारण नंतर तिथे पॉलिश पेपर पोचत नाही. अरल्डाइट, पितळी सळईचे तुकडे, शिकंज्यात एक दिवस, आणि शेवटी जवसाच्या तेलाचे हात. लाकूड घासताना नाकाला मास्क हवाच.

धार शेवटी. दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण 20 अंशांचा कोन धरायचा. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडे बोटाला बारीक खरखर लागते, म्हणजे उतार कडेपर्यंत पोचला. मग बाजू बदलायची. ती खरखर चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर ओढून काढली की कागद आवाज न करता चिरतो.

हे पातं स्टेनलेस नाही. कैरी चिरली की ते राखाडी-निळं होतं. पुसून तेलाचा हात फिरवला की गंज धरत नाही. आईची काळी विळी इतकी वर्षं धार का धरून आहे, ते मला आता समजतं.

आता रस्त्याकडेला पाल टाकून विळे-खुरपी घडवणाऱ्या घिसाडी कुटुंबासमोर मी थांबते तेव्हा वेगळं पाहते. विळ्याची फक्त धारेची कडच पाण्यात बुडवलेली असते आणि पाठ नरम ठेवलेली असते, म्हणजे खडकावर आदळला तरी विळा तुटत नाही. खुरप्याचा बाक निंदणाऱ्या बाईच्या मनगटाला जुळणारा असतो. यातला प्रत्येक निर्णय उघड्यावर, थर्मामीटरशिवाय, काही श्वासांत घेतलेला असतो. मला ओव्हन आणि चुंबक लागतं, त्यांना लागत नाही. त्या कौशल्याची किंमत मी विनातक्रार देते, आणि तुम्हीही घासाघीस करू नये असं मनापासून सांगते.

ज्यांना हात चालवायची हौस आहे त्यांनी एक चाकू जरूर करावा. एक व्हाइस, दोन चांगल्या कानशी, हॅक्सॉ आणि एक ओळखीचा लोहार एवढ्यावर सुरुवात होते. माझ्या व्हाइसमध्ये सध्या शेजाऱ्यांसाठी कलमाचा चाकू आहे. त्याचा उतार एकाच बाजूने घासते आहे, म्हणजे काप सपाट येईल आणि डोळा खोडाला नीट बसेल. काम बदललं, म्हणून पातंही बदललं.