देहलीदीप

संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतही उजेड पाडतो आणि अंगणांतही. हा न्याय मीं कित्येक वर्षें मुलांना फळ्यावर शिकविला. मला मात्र तो गेल्या वर्षीं माझ्याच घराच्या मागल्या दारानें शिकविला.

आमच्या आईचें वय आतां अठ्ठ्याऐंशी. तिची स्मृति हळूहळू मावळत चालली आहे. गेल्या आषाढांत एका मध्यरात्रीं मागलें दार उघडून ती कळशी घेऊन विहिरीकडे निघाली. नवी सून असतांना पहाटे जात असे, तशीच. शेजाऱ्यांनीं पाहिलें म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशीं मीं दाराला कुलूप घातलें. त्या रात्रीं ती दार ठोठावीत रडत बसली. आपल्याच घरांत कोंडलेल्या आईचें तें रडणें अजून माझ्या कानांत आहे.

दिवाळींत चिरंजीव पुण्याहून आला तो दारा-खिडक्यांचे सेन्सर घेऊनच. वस्तु चिमुकली. काचेच्या बारीक नळींत लोखंड व निकेल यांच्या मिश्रधातूचीं दोन नाजूक पातीं असतात. नळीचा भाग चौकटीवर आणि लोहचुंबक दारावर बसवितात. दार मिटलेलें असतां चुंबकाच्या ओढीनें पातीं एकमेकांस चिकटतात. दार उघडलें कीं विलग होतात आणि बिनतारी संदेश दिवाणखान्यांतल्या एका लहान पेटीला पोंचतो. असली नळी १९३६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वॉल्टर एलवुड यांनीं शोधून काढली. म्हणजे ती आमच्या आईहून थोडी वडीलच!

कोणतें दार उघडल्यावर काय व्हावें, हें मात्र आपण ठरवावयाचें. रात्रीं दहा ते पहाटे पांच या वेळांत मागलें दार उघडलें, तर बोळांतला व अंगणांतला दिवा लागतो आणि आमच्या उशाशीं घंटा वाजते. औषधांचें कपाट सकाळीं आठपर्यंत उघडलें नाहीं, तर मला सूचना मिळते. रक्तदाबाची गोळी विसरणारा मीच! निजतांना एखादी खिडकी उघडी राहिली, तर जिन्यापाशीं तांबडा दिवा दिसतो. अवकाळी पावसांत माझ्या पोथ्या त्यामुळेंच वांचल्या. वीज गेली कीं ती पेटी मुकी होते, म्हणून तिला बॅटरीचा आधार दिला आहे.

चिरंजीवानें एक सेन्सर देवघराच्या दारालाही लावला. आजी सकाळीं देवघर उघडी कीं सर्व नातवंडांच्या फोनवर वर्दी जाई. एके दिवशीं नातीनें फोनवरून विचारलें, "आजी, आज उशिरा उठलीस?" आईनें फोन खालीं ठेवला व मला म्हणाली, "मी काय चोर आहें, म्हणून माझ्यावर पहारा?"

मीं समजूत घालूं लागलों, "आई, पूर्वीं दिंडी करकरली कीं मी किती वाजतां आलों, हें तुला कळतच होतें ना?"

"कळत होतें. पण ऐकणारी मी याच घरांत होतें. आणि उठून तुला जेवायला वाढीत होतें."

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. देवघराचा सेन्सर मीं त्याच दिवशीं काढविला. चिरंजीव थोडा हिरमुसला. दूर राहणाऱ्याची काळजीही खोटी नसते. मीं त्याला म्हटलें, "रोज सकाळीं आजीला स्वतः फोन करीत जा." तो आतां करतो. कधीं तिला त्याचें नांव आठवत नाहीं, पण आवाज ओळखून ती हसते.

माघांतल्या एका रात्रीं घंटा वाजली. मी उठून गेलों, तों दोन्ही दिवे लागलेले आणि आई कळशी घेऊन उंबरठ्यावर उभी.

"पाणी भरायचें राहिलें रे."

"भरून ठेवलें आहे, आई."

क्षणभर आम्ही दोघें त्या उजेडांत अंगणाकडे पाहत उभीं राहिलों. मग तिनें कळशी माझ्या हातीं दिली आणि आपण होऊन आंत वळली.

दार उघडलें, एवढेंच तें यंत्र सांगतें. कोणी उघडलें आणि कशासाठीं, हें पाहावयास घरांतल्या माणसानेंच उठावें लागतें.